दुकानाने दारातून परत पाठवलेला खेळ

मित्रांनो, मी जुना नाही, फाटलेला नाही, गंजलेला तर नाहीच नाही. मी फोनमधला एक खेळ आहे, आणि मला एका दुकानाने दारातूनच परत पाठवलं होतं. का पाठवलं, ते सांगितलं नाही. बस, एवढीच माझी गोष्ट. पण ही एवढीशी गोष्ट माझ्या जिवावर कशी आली ते ऐका, कारण मला आता सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझं नाव शरफिया. ट्युनिशियातल्या केरकेना बेटावर मासे धरायची जी रीत आहे ना, तिचंच हे नाव. तिथला समुद्र उथळ, माणूस मैलभर चालत जाईल आणि पाणी कमरेच्या वर येणार नाही. त्या चिखलात खजुराच्या झावळ्या ओळीने रोवायच्या, लांबच लांब कुंपण करायचं. ओहोटी लागली की मासे पाण्याबरोबर मागे फिरतात, कुंपणाला अडतात, कुंपणाच्या कडेकडेने पोहत जातात आणि शेवटी पिंजऱ्यात येऊन बसतात. जाळं फेकायचं नाही, माशाच्या मागे धावायचं नाही. वाट बघायची. मीही तसाच खेळ आहे, वाट बघायचा. माझ्यात कुणी कुणाला गोळी घालत नाही.

मला बनवलं ओल्फाने. ती बेटावरचीच. शिकायला म्हणून समुद्र ओलांडून समोरच्या स्फाक्स शहरात आली आणि तिथंच राहिली. तिच्या मदतीला तिचा मावसभाऊ रमझी. ओल्फा माझं डोकं, म्हणजे सगळी गणितं तिची, आणि रमझी माझं तोंड, म्हणजे सगळी चित्रं त्याची. स्फाक्सच्या मासळीबाजाराच्या मागे एका खोलीत दोघं बसायचे. खाली वाळवलेल्या ऑक्टोपसचं दुकान होतं, त्यामुळे वास असा यायचा की रमझी म्हणायचा, "चित्र काढायला मला डोळे लागतच नाहीत गं, नाकानेच काढतो." तरी गड्याने ऑक्टोपसला आधी सातच पाय काढले होते! ओल्फाने मोजून दाखवले तर म्हणाला, "एक खाल्ला मी. भूक लागली होती."

मित्रांनो, ते दिवस काय सांगू! ओल्फा बेटावर गेली की ओल्या झावळ्यांचा चर्रकन आवाज भरून आणायची. आत्या सालहा झावळ्या बांधताना गुणगुणते ते आणलं. बाजारात लिलाव पुकारणारा माणूस दोरीत ओवलेले मासे हातात घेऊन ओरडत फिरतो, त्याची ओरड आणली. पलीकडच्या मशिदीतली पहाटेची अजान आणली. हे सगळं माझ्यात आलं. आणि माझी सुरुवात कशी होते सांगू? पहाट असते. अजून अंधार. ओल्फाचे बाबा, मोंजी, होडी पाण्यात लोटतात. घरची सगळी माणसं एकेक करून चढतात. आत्या, काका, दोन लहान पोरं, मांडीवर गाठोडी, डोक्यावरून शाली. दिवा नाही, कारण दिवा लागतोच कशाला, वाट पायांना पाठ आहे. होडी हळूच किनारा सोडते. झावळ्या रोवायचा मोसमातला पहिला दिवस तो! बेटावर त्या दिवशी मोठ्या सणासारखी गडबड असते. माझ्यातला सगळ्यात देखणा भाग तोच. रमझीने त्या अंधारातला निळा रंग करायला किती दिवस घालवले, त्यालाच माहीत.

मग मी तयार झालो. ओल्फाने मला मोठ्या दुकानात पाठवलं. हे दुकान म्हणजे चार भिंती आणि फळ्यांचं दुकान नाही हं, फोनच्या आतलं. सगळे खेळ तिथूनच घेतात. बाकीही दुकानं आहेत म्हणे, पण तिथं चिटपाखरू फिरकत नाही. या दुकानात जागा मिळाली तर मी जिवंत, नाही तर ओल्फाच्या लॅपटॉपमध्ये पडून राहायचं, आणि एक दिवस जागा कमी पडली की पुसलं जायचं. आम्हा खेळांचं मरण असंच असतं, आवाजही होत नाही.

मी दारात उभा राहिलो. आत कुणीतरी मला उघडलं. बघितलं. बंद केलं.

आणि उत्तर आलं, "हा खेळ आमच्या नियमांत बसत नाही. बदल करून एकदाच पुन्हा पाठवता येईल. पुन्हा नाकारल्यास तुमचं खातं कायमचं बंद होईल."

"कुठल्या नियमात?" ओल्फा पडद्याकडे बघत राहिली. "रमझी, कुठल्या नियमात ते लिहिलंच नाही रे."

"खाली असेल. अजून खाली जा."

खाली काही नव्हतं. तिने विचारून बघितलं, तर चटकन उत्तर आलं, इतकं चटकन की ते माणसाने लिहिलेलं नव्हतंच. सुरक्षेच्या कारणावरून तपशील देता येत नाही. आणखी कुणाकुणाचे खेळ नाकारले, ते का नाकारले, ते तरी बघावं म्हणून तिने शोधलं. नाही. आत घेतलेले खेळ दुकान मिरवतं, परत पाठवलेल्यांचा कुठे उल्लेखही करत नाही. जणू ते कधी जन्मालाच आले नाहीत.

आता कळलं का मित्रांनो, काय पणाला लागलं होतं? नुसता मी नाही. खातं बंद म्हणजे ओल्फा आणि रमझीने पुढे आयुष्यात केलेला कुठलाच खेळ त्या दारातून आत जाणार नाही. आणि हातात एकच खेप. काय दुरुस्त करायचं ते माहीत नाही, आणि दुरुस्ती चुकली तर सगळंच संपलं!

त्यात बातमी फुटली. स्फाक्स काय, बेट काय, बातमीला होडी लागत नाही. रमझीचं लग्न ठरलेलं. एक दिवस तो तणतणत आला.

"सासरा विचारतो, तुमचा खेळ परत आला म्हणे, त्यात बायका उघड्यावाघड्या होत्या का? मी म्हटलं, अहो, बायका आहेत, पण तीन-तीन स्वेटर घालून झावळ्या बांधतायत. तर म्हणतो, मग उघडं कोण होतं? म्हटलं, मासे!"

ओल्फा हसली नाही. रमझीही हसला नाही खरं तर. तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "लोकांना काहीतरी घाण होतीच असं वाटतंय. कारण नाही सांगितलं ना, की लोक आपापलं कारण घालतात."

"मग आपणच सांगू या ना सगळ्यांना. नाकारलाय, का ते माहीत नाही, असं उघड लिहू."

"वेडी आहेस का? आत्ता चार माणसांना माहितीय, मग सगळ्या गावाला होईल!"

आणि मग सुरू झाली माझी काटछाट. मित्रांनो, हे सांगताना अजून अंगावर काटा येतो, आणि मला तर अंगही नाही.

रमझी म्हणाला, लिलाव असणार. लिलाव म्हणजे पैसे लावणं, पैसे लावणं म्हणजे जुगार. लिलाव गेला. पुकारणाऱ्याची ओरड गेली, बाजारात एकदम सुतकासारखी शांतता. ओल्फा म्हणाली, ऑक्टोपस असेल, मडक्यात अडकवून धरतो ते कुणाला क्रूर वाटलं असेल. ऑक्टोपस गेला, रमझीने कष्टाने चिकटवलेल्या आठव्या पायासकट. मग अजान काढली, कोण जाणे धर्माचं काही असेल. मग आत्याचं गुणगुणणं काढलं, कारण त्यात नवऱ्याला घातलेली एक शिवी होती. मग एक म्हातारा विडी ओढायचा, तो अख्खा म्हाताराच काढला. रोज काहीतरी जायचं. रोज ओल्फा मला चालवून बघायची आणि मी लंगडत चालायचो. मला ओरडून सांगायचं होतं, अगं थांब, यातलं कुठलंच नसेल तर? पण आमच्यासारख्याला बोलता कुठे येतं!

होडीला मात्र कुणी हात लावला नाही. होडीत काय वाईट असणार? ती तर घरची होडी.

त्याच आठवड्यात ओल्फा बेटावर घरी गेली. जेवणं झाली, जवाची पेज, वर हरीसाची लाल तिखट चटणी. बाबांनी म्हणजे मोंजींनी हात पुसले आणि म्हणाले, "दाखव बघू तुझा तो बदनाम खेळ."

तिने फोन दिला. त्यांनी बोट फिरवलं, फिरवलं. चष्मा वर केला.

"माझी होडी निळी आहे. ही हिरवी का?"

"बाबा, रंग सोडा हो."

"सोडतो. बाजार मुका का झालाय? आणि सालहा गाते ते कुठंय? मागे ऐकवलं होतंस तेव्हा होतं."

"काढलं."

"कुणी सांगितलं काढायला?"

"कुणीच नाही."

आत्या सालहा ताटं उचलत होती. ती तिथूनच म्हणाली, "म्हणजे कुणी न सांगताच मला हाकललंस होय! शाबास गं पोरी. माझ्या नवऱ्यालाही इतकं जमलं नाही."

सगळे हसले. ओल्फा उठून बाहेर गेली.

काही दिवसांनी स्फाक्सला खेळ बनवणाऱ्यांचा मेळावा भरला. तरुणांच्या केंद्राचा तो हॉल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पंखा एक चालू आणि एक नुसता लटकलेला. ट्युनिसहून पोरं आली होती, अल्जीरियातून आली होती, इजिप्तमधूनही एकजण आला होता. आणि मंचावर कोण? मोठ्या दुकानाचा माणूस! फवाझ त्याचं नाव. मूळचा लेबनॉनचा, बोलणं अगदी लोण्यासारखं. दुकानात खेळ कसा ठेवावा, चित्र कसं असावं, असं तो छान सांगत होता. शेवटी म्हणाला, "काही प्रश्न?"

रमझीने ओल्फाची बाही धरली. "उठू नकोस. ओल्फा, हात जोडतो. तो नाव लिहून घेईल."

ती उठली.

"माझं नाव ओल्फा. माझ्या खेळाचं नाव शरफिया. तुमच्या दुकानाने तो नाकारलाय."

मित्रांनो, हॉलमध्ये लोकांनी अशा माना वळवल्या की जणू तिने सांगितलं, मला साथीचा रोग झालाय. रमझी खुर्चीत घसरत घसरत इतका खाली गेला की नुसते केस दिसत होते.

"मला पुन्हा विचार करा असं म्हणायचं नाही," ओल्फा म्हणाली. "मला एवढंच विचारायचंय, तुम्ही कुठले खेळ नाकारता आणि का, हे उघड का करत नाही?"

फवाझने पाण्याचा घोट घेतला. "ताई, प्रश्न रास्त आहे. पण तुम्हीच विचार करा. आमच्याकडे खरंच घाणेरडे खेळ येतात. त्यांची यादी लावली की तीच त्यांची जाहिरात होते. दुसरं, नेमकं कारण सांगितलं की लबाड माणूस तेवढंच झाकून पुन्हा येतो. आणि तिसरं, तुमच्यासारख्या माणसांचं नाव त्या यादीत लागलं तर? घरच्यांना काय तोंड दाखवाल?"

"बरोबर बोलतोय," खालून रमझी पुटपुटला.

"ते तोंड मी आत्ताच दाखवतेय," ओल्फा म्हणाली. "साहेब, माझं नाव त्या लबाडांच्या शेजारी कुठेतरी लिहिलेलं आहेच ना? फरक एवढाच, की ते तुम्हाला दिसतं आणि मला दिसत नाही. दिसलं असतं तर मी भांडले तरी असते. ज्याला नाव लपवायचंय त्याचं लपवा. ज्याला नकोय लपवायला, त्याला तरी कारण सांगा!"

कुणीतरी टाळी वाजवली आणि लगेच थांबवली. फवाझ म्हणाला, "मी तुमचं म्हणणं वर कळवीन." आणि तो पुढच्या प्रश्नाकडे वळणार, इतक्यात मागच्या रांगेतून एक मुलगी उठली.

"माझाही नाकारलाय."

ती झुलेखा. अल्जीरियातल्या मोस्तागानेमची. दोन वर्षं तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि तिच्या मागोमाग इजिप्तच्या दमिएत्ताचा ताहा उठला, चांगला धिप्पाड गडी, पण बोलताना कानापर्यंत लाल. "माझा पण. मी घरी सांगितलं की फोन बिघडला, खेळ उडाला."

फवाझची वेळ संपली, पण हॉल कुठला रिकामा व्हायला! चहाच्या टेबलापाशी घोळका जमला, फवाझही त्यातच अडकला, हातात पुदिन्याचा चहा घेऊन.

"तुझ्या खेळात लिलाव आहे?" ओल्फाने विचारलं.

"नाही," झुलेखा म्हणाली.

"ऑक्टोपस?"

"ई! नाही."

"अजान?"

"माझ्यात आहे," ताहा म्हणाला. "तिच्यात नाही म्हणते."

"शिव्या?"

"भरपूर," झुलेखा म्हणाली. "पण त्या आमच्या बोलीत, बाहेरच्याला समजणारच नाहीत."

"मग तुमच्या खेळात आहे तरी काय?"

झुलेखाचा खेळ तिच्या आजोबांच्या सार्डिनच्या होडीचा होता. काळोखात दाटीवाटीने बसून गडी निघतात आणि खोल पाण्यात गेल्यावर दिवा लावतात. ताहाच्या खेळात गावची माणसं पहाटे होडीतून पलीकडच्या बेटावर जत्रेला जातात, पोराबाळांसकट.

ओल्फाच्या हातातला पेला तसाच राहिला. "होडी," ती म्हणाली.

"हो, होडी तर आहेच."

"अंधार. होडी. होडीत खच्चून माणसं. किनारा सोडतायत."

आणि मग कोण बोललं ते मला दिसलं नाही, पण हळूच कुणीतरी तो शब्द उच्चारला. "हरगा."

मित्रांनो, त्या किनाऱ्यावर हा शब्द मोठ्याने बोलत नाहीत. कागद नाहीत, परवाना नाही, म्हणून चोरून होडीत बसून समुद्र ओलांडून युरोपात जाणं. गेलेले सगळे पोचत नाहीत. त्या घोळक्यात असा एकही नव्हता ज्याच्या ओळखीतलं कुणी तसं गेलं नव्हतं. चहा ओतणारा माणूससुद्धा थांबला.

म्हणजे दूर कुठेतरी बसलेल्या माणसाने माझी ती पहाट बघितली, आणि त्याला झावळ्या दिसल्याच नाहीत. त्याला दिसलं, हा खेळ माणसं पळवायला शिकवतोय! आणि ओल्फाला, रमझीला, आत्याला ते कधी सुचलंच नाही, कारण त्यांना ती होडी बघताना फक्त सण दिसायचा. स्वतःच्या घरची होडी कुणी परक्याच्या डोळ्यांनी बघतं का?

ओल्फा फवाझकडे वळली. "हेच आहे ना?"

फवाझ पेल्याकडे बघत होता. "मी हो म्हणू शकत नाही," तो म्हणाला. आणि पेला खाली ठेवत, "नाही असंही म्हणू शकत नाही. ताई, तसले खेळ खरंच येतात हो. तो नियम वाईट नाही."

"नियम चांगलाच आहे. तसला खेळ मीसुद्धा दुकानात ठेवला नसता."

परतताना रमझीला केवढा आनंद! "सोप्पं आहे! दिवस उजाडू दे, होडीत एकटा मोंजीकाका ठेव, झालं! पाठव आणि सुट!"

ओल्फा खोलीवर पोचताच लॅपटॉप उघडून बसली. तिने आधी माझे तोडलेले हातपाय परत जोडले. लिलाव ओरडायला लागला, ऑक्टोपस मडक्यात शिरला, विडीवाला म्हातारा खोकत परत आला. किती बरं वाटलं सांगू! मग ती होडीपाशी आली आणि थांबली. आणि बेटावर गेली, कारण ती होडी बाबांची होती.

मला वाटलं होतं बाबा म्हणतील, ठेव पोरी. पण सगळं ऐकल्यावर त्यांचा चेहरा दगडासारखा झाला.

"होडी काढ."

"बाबा..."

"काढ म्हणतो ना! तुला माहितीय एखाद्या होडीवर संशय आला की काय होतं? किनाऱ्यावर कुणी शेजारी बसत नाही. मासे घेताना लोक तोंडाकडे बघतात. माझ्या होडीने आजवर मासा सोडून काही नेलं नाही, आणि उद्या लोक फोनमध्ये बघून म्हणतील, हीच ती."

"मग लोक जे म्हणतील ते आपणच खरं ठरवायचं? काढली तर म्हणतील, होतंच काहीतरी, म्हणून काढली."

"ठेवली तरी म्हणतील."

"बाबा, त्या माणसाला होडीत नुसती डोकी दिसली. काळी काळी डोकी. कोण आहेत ते त्याला कळलंच नाही. मी नावं लिहू का? बोट लावलं की कळेल, ही कोण, मांडीवर काय आहे, कुठे चाललीय."

दारात आत्या सालहा उभी. तिने कमरेवर हात ठेवले. "माझं लिही. सालहा, मांडीवर काथ्याची गुंडाळी, चाललीय झावळ्या बांधायला. आणि शिवीपण परत घाल."

"तू मध्ये पडू नकोस," मोंजी म्हणाले.

"मी मध्ये नाही, मी होडीत आहे. तूच बाहेर पडतोयस."

बराच वेळ ते पायातली चप्पल वाजवत बसले. त्यांनी नाही म्हटलं असतं तर तिने ऐकलं असतं, मला माहीत होतं. मग त्यांनी घसा खाकरला.

"लिहायचंच असेल तर धड लिही. नुसतं मोंजी नको, मोंजी तर बेटावर ढीगभर आहेत. मोंजी बिन सालेम लिही. बापाच्या नावासकट." आणि उठता उठता म्हणाले, "आणि होडी निळी कर."

मी पुन्हा त्या दारात उभा राहिलो. या खेपेला अख्खा, सगळ्या अवयवांसकट, आणि होडीतल्या प्रत्येकाला नाव. अंधार तसाच होता. सोबत ओल्फाने सरळ लिहिलं होतं, ही माणसं कुठे चाललीत आणि संध्याकाळी घरी कशी परत येतात. तिकडे झुलेखानेही तेच केलं. तिच्या गड्यांना नावं, आजोबांना नाव, त्याच दिवशी पाठवलं.

मग वाट बघणं. मी वाट बघायचाच खेळ ना, पण ती वाट फार वाईट होती. रमझी नखं खायचा. ओल्फा फोन उलटा ठेवायची, उचलायची, उलटा ठेवायची. कुणीतरी मला आत उघडलं. मी त्याच्याकडे बघत होतो. तो होडीपाशी थांबला. एका डोक्याला बोट लावलं. दुसऱ्याला लावलं. बंद केलं.

उत्तर आलं. "स्वीकारला."

रमझीने खुर्ची पाडली! खाली जाऊन ऑक्टोपसवाल्याला मिठी मारली, तिथूनच सासऱ्याला फोन लावला आणि ओरडला, "घेतला! कपड्यांसकट घेतला!" ओल्फा तो एक शब्द पुन्हापुन्हा वाचत होती. खाली जाऊन बघितलं, अजून खाली. काही नव्हतं. होकाराचंही कारण नव्हतं.

तेवढ्यात झुलेखाचा फोन आला. ओल्फाने आनंदाने आपली बातमी सांगितली.

"आणि तुझा?"

"परत पाठवला," ती म्हणाली. "खातं बंद झालं."

"अगं, पण नावं घातली होतीस ना? मग का?"

"मला विचारतेस?"

मित्रांनो, तेव्हा ओल्फाच्या लक्षात आलं, की आम्हाला काहीच कळलेलं नव्हतं. कदाचित होडीचंच कारण असेल, कदाचित नसेल. कदाचित मला बघणारा माणूस दयाळू होता आणि तिच्या खेळाच्या वाट्याला घाईतला आला. आम्ही अंधारात हात फिरवला, माझ्या हाताला दार लागलं, तिच्या हाताला भिंत. आता दमिएत्ताचा ताहा विचारत होता, मी पाठवू का? आणि त्याला काय सांगावं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

लोक मला खेळायला लागले. बेटावरची पोरं खेळतात, तिकडे परदेशात गेलेले केरकेनाचे लोक खेळतात. कुणी लिहितं, आत्याची शिवी ऐकून रडू आलं. कौतुक होतंय. रमझी म्हणतो, आता गप्प बसायचं आणि नवीन खेळ करायचा.

पण ओल्फाने काल माझ्यात एक नवीन पान घातलं. अगदी सुरुवातीला, होडीच्याही आधी. तिने मला उघडून दाखवलं तेव्हा मी वाचलं.

"या खेळाला दुकानाने आधी नाही म्हटलं. का, ते सांगितलं नाही. मग हो म्हटलं. का, तेही सांगितलं नाही. मोस्तागानेमच्या झुलेखाने सार्डिनच्या होडीचा एक खेळ केलाय. त्याला नाहीच म्हटलं. तो तुम्हाला कुठे दिसणार नाही, म्हणून इथे त्याचं नाव लिहितेय."

आणि खाली त्या खेळाचं नाव, झुलेखाला विचारून लिहिलेलं.

रमझीने वाचलं आणि त्याचा चहा थंड झाला. "ओल्फा, बदल केला की पुन्हा तपासणी होते. ते हे पान वाचणार. चिडले तर काढून टाकतील याला. आत गेलेला खेळ बाहेर येईल, कळतंय का तुला?"

"कळतंय."

"मग?"

"मग ते का काढलं, ते तरी सगळ्यांना कळेल ना."

रमझीने खुर्ची ओढून तिच्या शेजारी घेतली, पान एकदा नीट बघितलं आणि म्हणाला, "अक्षर फार बारीक आहे. मोठं कर."

तिने मोठं केलं, आणि पाठवलं.

तर मित्रांनो, मी आत्ता त्या दारात उभा आहे. मला भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू. मला जगायचंय. पण ते पान माझ्यातून काढा असं मी म्हणणार नाही. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातलं कुणी शिक्षक होईल, कुणी साहेब होईल, कुणी अशाच एखाद्या दुकानाच्या दाराशी बसेल. कुणाच्या मेहनतीला नाही म्हणायची वेळ आली तर जरूर म्हणा, तो तुमचा हक्क आहे. फक्त समोरच्याला जवळ बोलवा आणि का ते सांगा. कारण तुम्ही न सांगितलेलं कारण तो स्वतःत शोधत बसतो, आणि शोधता शोधता स्वतःचे चांगले हातपायही तोडून टाकतो.

थांबा. आत कुणीतरी मला उघडलंय. पहिल्याच पानावर आहे.

वाचतोय.